विहाराची किल्ली कोणाकडे? बुद्धविहार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या वस्त्या, चाळी, कॉलन्या आणि गावांमधल्या बुद्धविहार समित्यांचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि विश्वस्त यांस,

सप्रेम जय भीम. नमो बुद्धाय.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मसाधनेचे, तीन महिने आपले विहार रोज संध्याकाळी उघडे असतात. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं, खीर वाटली जाते, पायऱ्यांवर चपलांचा ढीग साचतो. समारोपाच्या जेवणाची भांडी मंडपवाल्याकडे परत गेली की दाराला कुलूप लागतं आणि पुढच्या वर्षावासापर्यंत ते फक्त जयंती, साखरपुडा, पुण्यानुमोदन (मृताच्या स्मरणाचा विधी) आणि मीटिंगपुरतं निघतं. या मधल्या आठ-नऊ महिन्यांत आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस माणसं शांत बसू शकतील असा ध्यानवर्ग कसा चालवायचा, तो नव्या माणसाला परका का वाटू नये आणि दोन वर्षांनीही तो सुरू कसा राहील, एवढ्यासाठी हे पत्र. लिहिणारे आम्ही अशा वर्गांत आसनं टाकणारे, घंटा वाजवणारे, हिशेब ठेवणारे लोक आहोत.

मुळात किल्लीबद्दल बोलायचं आहे.

बहुतेक विहारांची किल्ली एकाच माणसाकडे असते. तो माणूस प्रामाणिक असतो, म्हणूनच ती त्याच्याकडे असते. पण त्याला रविवारी ड्यूटी लागते, गावी लग्न निघतं, कधी तो आजारी पडतो. मग सात वाजता पंधरा माणसं कुलूपबंद दारासमोर उभी राहतात, कोणीतरी फोन लावतं, फोन बंद असतो, आणि साडेसातला सगळे घरी जातात. हे एकदा झालं तर चालतं. महिन्यात दोनदा झालं की लांबून येणारा माणूस यायचा थांबतो, कारण पन्नास रुपये रिक्षाला घालून बंद दार बघायला कोणी येत नाही. वर्ग बंद पडला की आपण म्हणतो, लोकांना धम्माची ओढ राहिली नाही. अहो, ओढ होती, दार बंद होतं.

तेव्हा तीन किल्ल्या करा. एक समितीकडे, एक वर्ग चालवणाऱ्यांपैकी एकाकडे, एक विहाराच्या शेजारच्या घरात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण शेजारच्या घरात कोणी ना कोणी असतंच. किल्ली कोणाकडे आहे हे नोंदवहीत सहीनिशी लिहा. दानपेटी, ध्वनिक्षेपक आणि कागदपत्रांचं कपाट यांची कुलुपं वेगळी ठेवा, म्हणजे मुख्य दाराची किल्ली द्यायला कोणाचं मन कचरणार नाही. ही कुलुपं वेगळी नसतात म्हणूनच किल्ली एका खिशात अडकते. दोष स्वभावाचा कमी आणि कपाटाचा जास्त असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. वेळ समितीच्या बैठकीत ठरते आणि बैठकीला बहुधा पुरुष असतात. ते सकाळी सात सुचवतात. त्याच वेळी नळाला पाणी येतं. किंवा रात्री आठ ठरते, तेव्हा गॅसवर भाकरी असते. ज्यांनी वर्गाला यावं असं वाटतं, त्यांच्यापैकी दहा घरांत आधी विचारा: पाणी कधी येतं, शिफ्ट कोणती, मुलांची शिकवणी कधी सुटते. ज्या वस्तीत धुणीभांडी आणि स्वयंपाकाच्या कामाला जाणाऱ्या बाया जास्त, तिथे रविवारी दुपारी चारची वेळ सकाळच्या सातपेक्षा बरी पडेल. एकदा ठरली की वर्षभर हलवू नका. पाऊस असो, सामना असो, तिघंच आलेले असोत, ठरलेल्या मिनिटाला घंटा वाजली पाहिजे. आज कमी आहेत म्हणून रद्द केलेला वर्ग पुढच्या आठवड्यात आणखी कमी भरतो, कारण आता ‘असेल की नसेल’ ही शंका शिरलेली असते.

बुद्धांच्या शेवटच्या दिवसांबद्दलच्या महापरिनिब्बान सुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू याचा मंत्री वस्सकार राजगृहाला गृध्रकूटावर येतो, तेव्हा भगवान बुद्ध शिष्य आनंदाला वज्जी या गणराज्यातल्या लोकांबद्दल सात गोष्टी विचारतात. पहिलीच अशी: वज्जी वारंवार एकत्र जमतात ना? दुसरी: एकोप्याने जमतात आणि एकोप्यानेच उठतात ना? नंतर भिक्खूंनाही असेच सात अपरिहानीय धम्म, म्हणजे ज्यांनी ऱ्हास होत नाही अशा गोष्टी, सांगितल्या. त्यांतल्या सातव्यातले शब्द विहाराच्या दारावर लावण्यासारखे आहेत: ‘किन्ति अनागता च पेसला सब्रह्मचारी आगच्छेय्युं, आगता च पेसला सब्रह्मचारी फासु विहरेय्युं.’ जे चांगले सोबती अजून आलेले नाहीत त्यांनी यावं, आणि आलेल्यांना सुखाने राहता यावं. संघ टिकणं आणि नव्याचं स्वागत या दोन वेगळ्या बाबी म्हणून तिथे मांडलेल्याच नाहीत. आलेल्याला सुखाने बसता येतं का, हीच टिकण्याची एक अट आहे.

आता नवा माणूस दारापर्यंत येतो तेव्हा काय होतं ते बघू. बाहेर फलक असतो, पण त्यावर विहाराचं नाव, उद्‌घाटकाचं नाव आणि देणगीदारांची यादी असते. ध्यान कधी, किती वेळ, कोणासाठी, याचा उल्लेख नसतो. दोन फूट बाय तीन फुटांचा साधा फळा पुरतो: वार, वेळ, ‘सर्वांसाठी खुले, शुल्क नाही, खुर्चीची सोय आहे, जमिनीवर बसता येणं गरजेचं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. गुडघे दुखणाऱ्या कितीतरी आज्या ‘आपल्याच्याने मांडी घालवत नाही’ म्हणून घरी बसून राहतात.

दाराशी वर्गाच्या आधी पंधरा मिनिटं एक माणूस उभा असावा. त्याचं काम भाषण करणं नाही. चपला कुठे, पाणी कुठे, संडास कुठे आणि कुठे बसायचं, एवढं दाखवायचं. नाव विचारायचं ते पहिलं नाव. आडनाव विचारायचं नाही, ‘गाव कोणतं?’ हेही नाही. आपल्या महाराष्ट्रात या दोन प्रश्नांचा तिसरा अर्थ काय असतो हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? जो प्रश्न आयुष्यभर आपल्याला बोचला, तो विहाराच्या दारात दुसऱ्याला विचारायचा नाही. मातंग, मराठा, मुस्लिम, ख्रिस्ती, कोणीही येऊ दे. तो ध्यान शिकायला आला आहे. त्याने ‘जय भीम’ला ‘नमस्कार’ म्हणून उत्तर दिलं तरी ते स्वागतच समजा. आपण मात्र जय भीम म्हणणं सोडायचं नाही. पाहुण्यासाठी घराचं नाव बदलत नाहीत.

पांढरे कपडे ही सुंदर प्रथा आहे, पण पौर्णिमेला. साप्ताहिक वर्गाला ती अट झाली की कामावरून थेट येणारा माणूस दारातूनच परत जातो. वंदनेचंही तसंच. पूर्ण वंदना, बुद्धपूजा, सुत्तपठण यांत अर्धा तास सहज जातो. ज्याला पाली येत नाही तो तेवढा वेळ ओठ हलवल्याचं नाटक करत बसतो आणि आपण बाहेरचे आहोत हे मनाशी पक्कं करतो. साप्ताहिक वर्गात त्रिसरण आणि पंचशील पुरेत. मोठ्या अक्षरांत, पाली आणि शेजारी मराठी अर्थ असे छापलेले कागद लॅमिनेट करून ठेवा. अक्षर किमान 18 पॉइंटचं हवं, कारण संध्याकाळी एका बल्बच्या उजेडात साठीच्या माणसाला वाचायचं असतं. पूर्ण वंदना पौर्णिमेला करा, मनसोक्त करा.

बसण्याच्या जागेवर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली की दोष ध्यानाला लागतो. समजा आपलं सभागृह 20 बाय 30 फुटांचं आहे. मूर्तीपुढचे पाच फूट मोकळे सोडले तर 500 चौरस फूट उरतात. एका माणसाला तीन बाय चार फूट लागतात. हिशेबाने चाळीस जण बसतील, पण मधली वाट, दाराजवळची जागा आणि भिंतीलगतची खुर्च्यांची रांग सोडली की तीस ही खरी मर्यादा. एकतिसावा आला तर त्याला व्हरांड्यात बसवू नका. दुसरा वर्ग काढायची वेळ आली, असं समजा.

नुसत्या फरशीवर टाकलेली सतरंजी पुरत नाही. थंडीत फरशी गार पडते आणि दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते. सतरंजीवर प्रत्येकी साधारण 60 बाय 75 सेंटिमीटरची पातळ गादी आणि तिच्यावर 10 ते 15 सेंटिमीटर उंचीची घट्ट उशी द्या. उशीचं काम एकच: बैठक गुडघ्यांपेक्षा उंच ठेवणं. गुडघे वर राहिले की पाठीचा खालचा भाग मागे झुकतो, माणूस पोक काढून बसतो, आणि मग पाठदुखी ‘ध्यानामुळे’ होते. कापसाची उशी पहिल्या महिन्यात छान असते, नंतर दबून पोळी होते. ती वर्षातून एकदा पिंजून घ्यावी लागते. दाट फोमची जास्त टिकते, पण तिला धुता येईल असं खोळीचं कापड हवं. पैसे नसतील तर जुनी घोंगडी चार घड्या करून दोरीने बांधा, उत्तम चालते. पावसाळ्यात उशांना कुबट वास येतो, तेव्हा ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर टाकायचं काम कोणाचं, हे आधीच ठरलेलं असावं.

खुर्च्या हव्यात, तीस माणसांमागे किमान आठ. हात नसलेल्या, पाठ सरळ असलेल्या, बैठक साधारण 17-18 इंच उंच. समारंभाच्या प्लॅस्टिक खुर्च्यांची बैठक मागे उतरती असते. तिच्यावर वीस मिनिटं ताठ बसणं कठीण. तसल्याच असतील तर मागच्या बाजूला दुमडलेला टॉवेल ठेवा. आणि खुर्च्या एका कोपऱ्यात ‘म्हाताऱ्यांची रांग’ म्हणून लावू नका. जमिनीवरच्यांच्या बरोबरीने, दोन्ही बाजूंना लावा. तरुण माणसालाही मग खुर्ची घ्यायला लाज वाटत नाही.

उदबत्ती एकच, तीही दाराबाहेर. बंद खोलीत सहा उदबत्त्या आणि मच्छर कॉइल लावली की दमेकऱ्याचा श्वास अडतो, आणि आपण त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत असतो. खिडक्यांना जाळी बसवणं हा एकदाच करायचा खर्च आहे. ट्यूबलाइट बंद केली तरी चालेल, पण पूर्ण अंधार करू नका. पहिल्यांदा आलेल्या बाईला अनोळखी लोकांत, मिटल्या डोळ्यांनी, काळोखात बसणं सुरक्षित वाटत नाही. एक मंद पिवळा बल्ब राहू द्या. पंख्याखाली घाम सुकला की थंडी भरते, म्हणून दोन-चार चादरी हाताशी असाव्यात.

प्रत्यक्ष वर्ग सव्वा तासाचा असावा. त्रिसरण-पंचशील पाच मिनिटं. आजच्या पद्धतीची ओळख पाच मिनिटं. पहिली बैठक वीस मिनिटं. मग दहा मिनिटं चंक्रमण, म्हणजे सभागृहाच्या कडेने सावकाश, पावलांकडे लक्ष देत चालणं. दुसरी बैठक पंधरा मिनिटं. एखादं पान वाचन आणि दोन-तीन प्रश्न, दहा मिनिटं. उरलेला वेळ चहाचा. नव्याला पहिल्याच दिवशी सलग तासभर बसवणं म्हणजे त्याला परत येऊ नको असं सांगणं आहे.

सगळ्यात मोठी चूक मार्गदर्शकाची असते: तो बोलतच राहतो. ध्वनिक्षेपक हातात आला की तो मार्गदर्शक राहत नाही, वक्ता होतो. तीस माणसांना ध्वनिक्षेपक लागत नाही. सुरुवातीला सूचना द्या, एक वाक्य, मग पाच-सहा श्वासांइतकं मौन, मग पुढचं वाक्य. पाच मिनिटांनंतर गप्प बसा. मधे एकदा ‘मन भटकलं असेल तर हळूच श्वासाकडे या’ एवढं पुरे. घंटेसाठी मोबाइल वापरायचा तर तो फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर नेमकं मौनात कोणाचं तरी लग्नगीत वाजतं. त्यापेक्षा काशाची छोटी घंटा किंवा काशाची वाटी घ्या. एक टोला, आवाज पूर्ण विरू द्यायचा, मग दुसरा.

आनापानसतीत, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानात, सुरुवातीला श्वास मोजायला सांगतात. ‘विसुद्धिमग्ग’ या जुन्या पाली ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी मर्यादा दिली आहे: पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबलं तर चित्त अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं धडपडतं; दहाच्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यावर टेकतं. नव्यांना हे असंच सांगा, लगेच पटतं. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: श्वास मुद्दाम लांब किंवा जोरात घ्यायचा नाही. टीव्हीवरचा प्राणायाम पाहून आलेली माणसं जोरजोरात श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. मग कोणीतरी म्हणतं, ‘ऊर्जा जागृत झाली.’ काही जागृत झालेली नसते. श्वास नेहमीसारखा होऊ दिला की दोन मिनिटांत उतरतं.

पाय बधिर होणं सगळ्यांना होतं. पायावर वजन पडून नस आणि रक्तपुरवठा दाबला जातो. हलवायला हरकत नाही, फक्त सावकाश हलवा. खरा धोका घंटा झाल्यावर लगेच उठण्यात आहे. बधिर पायावर उभं राहताना म्हातारी माणसं पडतात. म्हणून दुसऱ्या टोल्यानंतर एक मिनिट पाय पसरून बसणं सगळ्यांनाच सक्तीचं करा. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडायचे, नाहीतर मागे भिंतीपाशी उभं राहायचं. दिवसभर राबलेल्या माणसाला बसल्यावर झोप लागली तर त्याला कोपराने ढोसू नका. घोरत असेल तर मात्र ढोसा.

पद्धतींच्या भांडणाबद्दल. एकाच वस्तीत इगतपुरीला गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं विपश्यना शिबिर करून आलेले असतात, त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या वर्गातून मेत्ता भावना, म्हणजे सगळ्यांबद्दल मैत्री जोपासण्याचं ध्यान, शिकलेले असतात आणि भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर शिबिरातून, म्हणजे काही दिवस भिक्खूंसारखं राहून, आलेलेही असतात. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तिघांना एकाच तासात एकदम खूश करायला गेलं की खिचडी होते. गोएंका गुरुजींच्या परंपरेत साप्ताहिक सामूहिक साधना ही किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठी असते आणि ते साधक दुसरी पद्धत मिसळत नाहीत. त्यांच्या या शिस्तीचा मान राखा: त्यांना वेगळी वेळ द्या, सभागृह द्या, आणि फळ्यावर ‘जुन्या साधकांसाठी’ असं स्वच्छ लिहा. सर्वांसाठी खुल्या वर्गात आनापानसती आणि मेत्ता भावना या दोनच ठेवा, एका आठवड्यात ही, दुसऱ्या आठवड्यात ती. मेत्ता भावनेच्या पायऱ्या क्रमाने घ्या: स्वतः, जवळचा मित्र, ना जवळचा ना दूरचा असा कोणी, ज्याच्याशी पटत नाही तो, आणि मग सगळे. चौथ्या पायरीवर नव्यांनी थेट अत्याचार करणाऱ्याला आणू नये. कार्यालयात खोचक बोलणारा सहकारी पुरे.

समित्यांमधला एक आक्षेप आम्हाला नीट माहीत आहे: डोळे मिटून बसल्याने बाबासाहेबांचं काम पुढे जातं का? हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच विचारलं आहे की भिक्खू हा परिपूर्ण मानव की समाजसेवक, आणि नुसता परिपूर्ण मानव असेल तर तो धम्मप्रसाराला उपयोगाचा नाही असं बजावलं आहे. पण त्याच ग्रंथात अष्टांगिक मार्ग सांगताना ते सम्यक समाधीही सांगतात. नुसत्या ध्यानाच्या अवस्था तात्पुरत्या. मनाला कायमचं वळण हवं, आणि ते एकाग्रतेत कुशल कर्माचा विचार करण्याच्या सवयीने लागतं, असं त्यांचं म्हणणं आहे. आमचं मत सांगायचं तर ज्या ध्यानवर्गातली माणसं वस्तीतल्या अभ्यासिकेला, रक्तदानाला, कोणाच्या दवाखान्याच्या फेरीला कधीच दिसत नाहीत, त्या वर्गात काहीतरी चुकतं आहे. आणि ज्या समितीच्या प्रत्येक बैठकीत खुर्च्या आपटल्या जातात, तिने महिन्यातून चार वेळा वीस मिनिटं गप्प बसून पाहायला हरकत नाही.

काही धोक्यांबाबत समितीने लेखी नियम करावा. ध्यानाने मधुमेह जातो, दारू सुटते, नैराश्य बरं होतं, असं फलकावर किंवा बोलताना कोणी म्हणायचं नाही. डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणाऱ्या मार्गदर्शकाला त्याच दिवशी थांबवायचं. फिट्स येणाऱ्या, तीव्र मानसिक आजार असणाऱ्या किंवा नुकताच मोठा आघात झालेल्या माणसाने लांब बैठका आधी डॉक्टरांना विचारूनच कराव्यात. तोवर चंक्रमण, वाचन आणि चहा यांत तो आपलाच. कोणी रडू लागलं तर भोवती गर्दी करू नका, एकाने शेजारी बसावं, पाणी द्यावं. कोणी जीव द्यायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, आणि 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या. आसन सुधारायला कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. तोंडाने सांगा, नाहीतर स्वतः करून दाखवा. एकास-एक मार्गदर्शन द्यायचं तर दार उघडं ठेवून. मुलांचा वर्ग वेगळा, बैठक पाच-सात मिनिटांचीच, आणि मोठी माणसं दोन असलीच पाहिजेत.

माणसांची वाटणी हा किल्लीचाच पुढचा भाग. दार, आसनं, मार्गदर्शन, चहा, हिशेब अशी पाच कामं आहेत. प्रत्येकावर दोन माणसं, आणि दर तीन महिन्यांनी अदलाबदल. कागदावर न लिहिता सोडलं तर काय होतं ते आपण पाहतोच: मार्गदर्शन काकांकडे जातं, चहा आणि झाडू ताईंकडे, आणि दहा वर्षं तसंच राहतं. मग ताई एक दिवस यायच्या थांबतात आणि काकांना कळत नाही काय बिघडलं. पुरुषांनी भांडी घासायची पाळी यादीत पहिल्याच तिमाहीत टाका. मार्गदर्शनाची अदलाबदल मात्र घाईने करू नका. ज्याने वर्षभर नियमित बसून पाहिलं आहे त्याला आधी चार वेळा फक्त घंटा, मग चार वेळा फक्त सुरुवातीच्या सूचना, मग पूर्ण वर्ग. असे किमान तीन मार्गदर्शक तयार असावेत आणि त्यांतली एक तरी बाई असावी.

दोन आठवडे न आलेल्याला एकाने फोन करावा. एकानेच. पाच जणांनी ‘का आला नाहीत?’ विचारलं की ती चौकशी न राहता हजेरी होते.

चहा हा वर्गाचा भाग आहे, वरचा खर्च नाही. नवा माणूस मौनात ओळखी करून घेऊ शकत नाही, तो कपाभोवती बोलतो. पंचवीस जणांना छोटा कप द्यायचा तर एक लिटर दूध, एक लिटर पाणी, दीडशे ते दोनशे ग्रॅम साखर आणि चाळीस-पन्नास ग्रॅम चहा पावडर लागते. थोडा बिनसाखरेचा आधी बाजूला काढा, मधुमेहाची माणसं प्रत्येक वर्गात असतात. बिस्किटांसह एका वर्गाचे दोनशे रुपये धरले तर महिन्याला आठशे. वीज आणि साफसफाई धरून दीड हजारात भागतं. शुल्क नको. दानपेटी दारापासून दूर, एका कडेला ठेवा, म्हणजे कोण टाकतं आणि कोण टाकत नाही हे दिसत नाही. तिला दोन कुलुपं, दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या. महिन्याच्या शेवटच्या वर्गानंतर तिघांसमोर उघडायची, रक्कम त्याच फळ्यावर लिहायची, खर्च खाली लिहायचा. देणगीदाराचं नाव माईकवरून पुकारायचं नाही. ज्याच्याकडे वीस रुपयेही नसतात तो अशा पुकाऱ्यानंतर पुढच्या वेळी येत नाही.

एक कायदेशीर बाब, रुक्ष आहे पण इथेच खाती अडकतात. विहार सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक होते, हार-तुरे होतात, अर्ज राहून जातो. मग कागदावर जुनीच माणसं राहतात, त्यांतलं एखादं वारलेलं असतं, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि उशांना पैसे असूनही काढता येत नाहीत. हाच अर्ज राहिल्याने पुढे दोन गट दोन समित्या घेऊन उभे राहतात आणि विहाराला दोन कुलुपं लागतात.

व्हॉट्सॲप गट ठेवायचा तर फक्त सूचनांचा, पाठवणारे दोघंच. उमेदवारांचे फोटो, वधू-वर माहिती, गुड मॉर्निंग यांना दुसरे गट आहेत. निवडणुकीच्या दिवसांत वर्गाच्या वेळी कुठल्याही पक्षाचा, अगदी आपल्या आवडत्या पक्षाचाही, फ्लेक्स सभागृहात नको.

पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेता यावा म्हणून ठरावाचा मसुदा खाली देत आहोत. रिकाम्या जागा आपण भरा.

‘असे ठरले की विहाराचे सभागृह दर ______वारी ______ ते ______ या वेळेत एक वर्षासाठी सर्वांसाठी खुल्या ध्यानवर्गाकरिता राखीव राहील. या वेळेत लग्न, साखरपुडा, बैठक वा अन्य कार्यक्रमास सभागृह दिले जाणार नाही. मुख्य दाराच्या तीन किल्ल्या करून त्या श्रीमती/श्री ______, ______ आणि विहाराशेजारील ______ यांच्याकडे सही घेऊन दिल्या जातील. तिन्ही किल्लीधारकांत किमान एक महिला असेल.’

सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहायला विसरू नका. आणि किल्ल्या ठरावाच्या दिवशीच करून घ्या. कुलूपवाला रविवारी बंद असतो.

आपले,
विहारांतल्या साप्ताहिक ध्यानवर्गांचे उपासक आणि उपासिका